वहिनीची उजवी पापणी

माझी वहिनी दिवसभर दुसऱ्यांच्या डोळ्यांशी दोरा घेऊन उभी असायची आणि स्वतःच्या डोळ्याच्या वितभर जवळ कुणाचं बोट आलं तरी किंचाळायची. नणंद म्हणून नावं ठेवतेय असं समजू नका. अख्ख्या गल्लीला विचारा.

आमचं पार्लर घराच्याच पुढच्या खोलीत. दोन खुर्च्या, एक लांब आरसा, कोपऱ्यात केस धुवायचं बेसिन, आणि मागच्या खोलीच्या दाराला एक फुलाफुलांचा पडदा. दादा गेल्यावर आम्ही दोघींनी ते सुरू केलं. मी केस कापते, धुते, फोन घेते आणि उधारी मागणाऱ्यांशी भांडते, कारण ते वहिनीला जमत नाही. मी तोंडाची फटकळ. लग्न केलं नाही, म्हणजे माझ्या तोंडापुढे कुणी टिकलं नाही म्हणा हवं तर. वहिनी आयब्रो करायची. दोऱ्याचं एक टोक दातांत, दुसरं बोटांवर, आणि मधला पीळ असा सरसर चालायचा की बाई 'आई गं' म्हणेपर्यंत अर्धी भुवई झालेली असायची. शहराच्या दुसऱ्या टोकाहून बायका यायच्या. "हलू नका हं, डोळे मिटा, झालंच," हे ती तान्ह्या बाळाशी बोलावं तशा आवाजात म्हणायची. तिची लेक बबडी, म्हणजे माझी भाची, आता चांगली बावीस वर्षांची घोडी झाली तरी आमच्यासाठी बबडीच, ती फेशियल बघायची आणि आईकडून दोरा शिकायची.

तर या बाईच्या उजव्या डोळ्यातून पाणी यायला लागलं. आधी म्हणाली वाऱ्यानं. मग म्हणाली पावडरीनं. मग माझ्यावर घसरली.

"वन्सं, तुमच्या त्या केसांवरच्या फवाऱ्यानं होतंय सगळं."

"बरं बाई, नाही मारत फवारा," मी म्हटलं आणि डबा कपाटात टाकला. पाणी काही थांबलं नाही. डोळा लाल व्हायला लागला. उजेडात आली की ती डोळा बारीक करायची आणि सारखी म्हणायची, "काहीतरी गेलंय हो आत, वाळूचा कण गेलाय." मी म्हणायची दाखव, की ही दोन पावलं मागे. फुंकर सुद्धा मारू द्यायची नाही. मग अचानक एक दिवस डोळा एकदम छान. पाणी नाही, लाली नाही. मी म्हटलं, चला, सुटलो. पण थोड्या दिवसांनी परत तेच, आणि आधीपेक्षा जास्त. असं दोन-तीनदा झालं. मला काही उमजेना.

उमजलं ते टॉवेल आणायला मागच्या खोलीत गेले तेव्हा. वहिनी खिडकीशी बसली होती. पुढ्यात मोठं दाखवणारा आरसा, डाव्या हाताच्या बोटानं खालची पापणी ओढलेली, आणि उजव्या हातात भुवयांचा चिमटा. पापणीचे केस एकेक करून उपटत होती आणि मनगटावर चिकटवून ठेवत होती.

"वहिनी! अगं काय चाललंय हे?"

तिनं हात सुद्धा हलवला नाही. "खालचे केस आत वळलेत. तेच टोचतात. काढले की मोकळं होतं."

या बाईचं उभं आयुष्य एकाच न्यायावर गेलेलं. केस नको तिथे दिसला की तो गुन्हेगार, आणि गुन्हेगाराला शिक्षा एकच. हनुवटीवर आला, उपट. ओठावर आला, उपट. आता डोळ्यात आला, तर त्यालाही तेच. आणि गंमत बघा, पायावरून वस्तरा फिरवला की नंतर येणारे खुंट कसे टोचतात, हे ती दर आठवड्याला गिऱ्हाइकांना समजावून सांगायची. स्वतःच्या डोळ्याच्या बाबतीत तिला ते सुचलं नाही. दुसऱ्या कुठल्या धंद्यातल्या बाईनं डोळ्यापाशी चिमटा न्यायची हिंमत केली नसती. ती मुकाट्यानं डॉक्टरकडे गेली असती. हिचा हात सरावलेला, तिथेच घात झाला.

मी तेव्हाच तिला ओढत न्यायला हवं होतं असं आता कुणी म्हणेल. मी ओढलं होतं! ती खांबाला धरून बसली. डॉक्टर म्हटलं की तिचे ओठ पांढरे पडायचे. कारण सगळ्या घराला ठाऊक होतं. तिच्या आईचा डोळा, खरं तर दोन्ही डोळे, ऑपरेशननंतर गेले होते. पट्टी काढली तेव्हा म्हातारीला अंधुक उजेडापलीकडे काही दिसेना. 'सुरीनं नेले,' असं वहिनीच्या माहेरी सगळे म्हणत आणि वहिनी तर शपथेवर म्हणायची. मी तिच्या आईला शेवटी पाहिलंय. भिंतीला हात लावत चालायची आणि समोर कोण आहे ते आवाजावरून ओळखायची. त्यामुळे वहिनीच्या भीतीला हसायची माझी छाती होत नव्हती.

शेवटी भीतीपेक्षा मोठी गोष्ट घडली. शाळेतल्या एक मास्तरीणबाई खुर्चीत होत्या, वहिनी दोरा चालवत होती, आणि एकाएकी तिचा उजवा डोळा असा गच्च मिटला की उघडेचना. हात भरकटला. मास्तरीणबाईंची अर्धी भुवई साफ! त्या ओरडल्या, बबडी धावली. वहिनी दातांत दोरा तसाच धरून, एका डोळ्यावर तळहात दाबून उभी. "वन्सं," ती दोऱ्याआडून म्हणाली, "मला धूसर दिसतंय." मी चपला घातल्या, तिला दंडाला धरलं आणि बाहेर काढलं. या वेळी तिनं खांब धरला नाही.

डोळ्यांची डॉक्टरीणबाई तरुण होती. केस तर कुणीतरी सूड घेतल्यासारखे कापलेले, पण हात शांत. तिचं बोट जवळ आलं की वहिनी मान मागे टाकायची. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा तर खुर्चीच सरकली. माझं मनगट तिनं असं आवळलं होतं की नंतर चार बोटांचे वळ दिसत होते. शेवटी डॉक्टरीणबाईंनी पिवळा थेंब टाकला, खोलीतला दिवा बंद केला आणि निळ्या उजेडात बराच वेळ बघितलं.

मग दिवा लावून त्यांनी मला जवळ बोलावलं. खालची पापणी चिमटीत धरून पुढे ओढली आणि सोडली. ती पटकन जागेवर जायला हवी, तर ती आळसावल्यासारखी सावकाश गेली. "आता डोळे घट्ट मिटा. उघडा," त्या वहिनीला म्हणाल्या. आणि उघडताना मी बघितलं. पापणीची कड अख्खीच्या अख्खी आत गुंडाळली गेली. केस दिसेनासे झाले. ते सगळे आत, बुबुळावर. वहिनीनं पापणी लववली की ते केस बुबुळावरून घासत जात होते. दिवसभरात माणूस किती वेळा पापणी लववतं हो!

"मोज्याचं इलास्टिक सैल झालं की त्याची कड कशी आत दुमडते?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तसंच आहे हे. वयानं पापणी सैल पडते, तिला धरून ठेवणारे स्नायू ढिले होतात, आणि ती आत वळते. केसांचा यात काही दोष नाही. ते जिथे उगवायचे तिथेच उगवलेत. पापणीच फिरलीय." मग त्यांनी पापणी जरा निरखली. "केस उपटत होतात का?"

वहिनी खाली बघायला लागली. मी म्हटलं, "चिमट्यानं. आमचा धंदाच तो आहे."

"उपटला की चार दिवस बरं वाटतं. पण तो परत येतो, आणि येताना आखूड, ताठ येतो. लांब केस निदान वाकतो तरी. खुंट वाकत नाही, खरवडतो. तुमच्या बुबुळावरच्या काचेवर जखम झालीय. म्हणून धूसर दिसतंय. ती चिघळली तर पांढरा डाग पडेल. आणखी खोल गेली तर..."

"तर?" मी विचारलं.

"तर डोळा जाऊ शकतो. आणि गेलेला डोळा मला परत आणता येणार नाही. आता थेंब देते, मलम देते, पापणी बाहेर ओढून ठेवायला चिकटपट्टी लावायला शिकवते. त्यानं जखम भरेल. पण पट्टी हा इलाज नाही, तो नुसता टेकू आहे. पापणी घट्ट करायचं छोटं ऑपरेशन लागेल."

ऑपरेशन हा शब्द ऐकला आणि वहिनी पहिल्यांदा बोलली. "सुरीनं डोळा जातो."

"सुरी डोळ्याला लागतच नाही, ताई. काम सगळं पापणीवर. बाहेरच्या कोपऱ्यात छोटा छेद घ्यायचा, पापणी ओढून घट्ट करायची, टाके घालायचे. बधिर करून करतो, तुम्ही जाग्या असता."

"माझ्या आईचे गेले. तिच्याही पापण्या अशाच वळल्या होत्या. ऑपरेशन केलं आणि गेले."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "ऑपरेशनच्या आधी किती काळ त्रास होता त्यांना?"

"होता. बरीच वर्षं."

"मग तोवर काय करत होतात?"

वहिनी पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली.

"मी त्यांना तपासलेलं नाही, त्यामुळे खात्रीनं सांगणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण इतकी वर्षं केस घासत राहिले असतील, तर ऑपरेशनच्या आधीच काच पांढरी झाली असणार. डोळे बहुतेक केसांनीच नेले. सुरीवर उगाच आळ आला."

मला वाटलं, आता हिचा जीव भांड्यात पडेल. आई सुरीनं आंधळी झाली नाही हे कळलं, म्हणजे भीती संपली. पण वहिनी उठून उभी राहिली. तिचा चेहरा मातीसारखा झाला होता. "मला ऑपरेशन करायचं नाही," असं म्हणून ती दाराबाहेर निघून गेली, औषधं न घेताच. मी औषधं घेतली, डॉक्टरीणबाईंची माफी मागितली आणि रस्ताभर वहिनीला फैलावर घेतलं.

"कान फुटलेत का तुझे? ती काय म्हणाली ऐकलंस ना? सुरी लागत नाही!"

"नाही म्हणजे नाही, वन्सं."

त्यानंतरचे दिवस कसे गेले ते आमचं आम्हाला ठाऊक. रोज सकाळी मी पट्टी लावायची. पापणीच्या केसांच्या जरा खाली एक टोक, आणि खाली ओढून गालावर दुसरं. मग पापणी बाहेर येऊन नीट बसायची. दर वेळी वहिनी खुर्चीचे हात गच्च धरायची. गिऱ्हाइकं विचारायची काय झालं, आणि मी म्हणायची, काही नाही, जरा डोळा मारायची सवय लागलीय. कुणी हसलं तर बरं वाटायचं. घरात मात्र हसू नव्हतं. वहिनी जाता येता डावा डोळा झाकून उजव्यानं भिंतीवरचं कॅलेंडर बघायची. अक्षरं किती दिसतात ते तपासायची. मी तपासताना पाहिलंय असं तिला दाखवायची नाही. आणि खरं सांगू? बेसिनपाशी कुणी नसताना मीही डोळे मिटून खुर्चीपासून दारापर्यंत चालून पाहिलं. आरशाला कपाळ आपटलं. भीती अशी असते, ती आपल्या घरातल्याच वाटेवर आपल्याला परकं करून टाकते.

जखम भरत आली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हीच वेळ आहे, आता करून टाकू, पुन्हा चिघळली तर दर वेळी भरेलच असं नाही. गालाची कातडी पट्टीनं सोलवटायला लागली होती. वहिनीचं आपलं एकच, नाही. मी रागावले, विनवण्या केल्या, अबोला धरला. बबडीनं रडून पाहिलं. बाई ढिम्म. एवढी मऊ बाई एवढी कडक कशी झाली, तेच मला कळेना. कुणाला दोनदा नाही म्हणणं जिला जन्मात जमलं नाही, ती आम्हा दोघींना रोज नाही म्हणत होती.

आणि मग ती दुपार आली. दमट हवा, सगळ्यांना घाम. सोललेल्या गालावर पट्टी धरेना. दोनदा लावली, दोनदा सुटली. पापणी आत वळली आणि वहिनी डोळ्यावर पालथी मूठ दाबून स्टुलावर कण्हत बसली. मी म्हटलं, डॉक्टरीणबाईंना फोन लावते. तेवढ्यात बबडी आरसा घेऊन आली. दुसऱ्या हातात चिमटा.

"आई, इकडे बघ. दोन-तीनच काढते. तेवढंच जरा बरं वाटेल तुला. माझा हात हलका आहे, तूच म्हणतेस ना?"

तिनं आईची हनुवटी धरली, मायेनं, अगदी अलगद. वहिनीनं मूठ काढली आणि लेकीच्या हाताकडे पाहिलं. त्या बघण्याची मला आजही धास्ती वाटते. मग तिनं असा फटका मारला की चिमटा उडून बेसिनखाली गेला. आयुष्यात त्या बाईनं लेकीवर हात उगारला नव्हता.

"मी काय केलं?" बबडी रडायलाच लागली. "तुला दुखतंय म्हणून..."

"परत माझ्या डोळ्याला हात लावशील तर बघ!" वहिनी ओरडली. "परत कधी कुणाच्या डोळ्यातला केस काढशील तर माझं मेलेलं तोंड बघशील!"

मी तिच्यावर खेकसणार तोच तिनं माझा हात धरला आणि मला पडद्यामागे मागच्या खोलीत ओढलं. दार लावलं. दाराला पाठ लावून उभी राहिली आणि धापा टाकत राहिली. मला वाटलं हिला आता चक्कर येणार.

"वन्सं, आईचे केस मी काढायची."

"कुठले केस?"

"पापण्यांचे. मी लहान होते. तिला टोचायचं, ती रडायची. मोठ्यांची बोटं जाड, माझा हात हलका. मग रोज शाळेतून आले की ती मला उजेडात बसवायची आणि मी चिमट्यानं काढायची. झालं की म्हणायची, माझी गुणाची पोर, किती गार वाटतं. सगळ्यांना सांगायची, हिच्या हातात जादू आहे, हिला डॉक्टर काय करायचाय. हा हात मी तिथेच कमावला. इतकी वर्षं माझ्या हाताचं कौतुक होतंय ना? तो तिच्या डोळ्यांवर कमावलाय. डॉक्टरकडे न्यायला उशीर का झाला माहितेय? मी होते म्हणून. मी बरं करत होते ना तिला!"

मी तिला जवळ घ्यायला गेले, तिनं हात आडवा धरला. अजून सांगून झालं नव्हतं.

"सुरीनं गेले असं म्हणत आले मी. सगळ्यांच्या आधी मीच म्हटलं होतं. आता माझं ऑपरेशन करायचं. आणि ते नीट झालं, तर?"

तेव्हा मला उलगडलं. मी मूर्खासारखी इतके दिवस तिला समजावत होते की भिऊ नकोस, नीट होईल. आणि तिला नेमकी तीच भीती होती. फसलं तर फक्त डोळा जाणार होता. नीट झालं तर तिच्यापाशी सुरीसुद्धा उरणार नव्हती दोष द्यायला.

बाहेरून बबडीच्या रडण्याचा आवाज येत होता. वहिनीनं तो ऐकला. मग पदरानं तोंड पुसलं.

"फोन करा, वन्सं. करून टाकू. नाहीतर ही रोज चिमटा घेऊन उभी राहील माझ्यापुढे. माझी पोर आहे ना, ऐकायची नाही."

ऑपरेशनच्या सकाळी ती दोनदा दारापर्यंत जाऊन परत फिरली. एकदा तहान लागली म्हणून, एकदा कुलूप बघायला. आत गेल्यावर टेबलावर आडवी होईना. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नणंदेला इंजेक्शन होईपर्यंत उभं राहू द्या. मला टोपी आणि झगा घातला. वहिनीचा हात बर्फासारखा होता. सुई डोळ्याच्या कोपऱ्याशी आली आणि तिच्या घशातून एक चिरका आवाज आला. मला सुईकडे बघवेना आणि तिच्याकडेही बघवेना. मी छताकडे बघत म्हटलं, "हलू नकोस गं, हलू नकोस, झालंच." झालं नव्हतं. पण तेवढ्यात नर्सनं मला बाहेर काढलं.

बाहेर बबडी अखंड बोलत होती. घाबरली की ती बोलते, मी घाबरले की भांडते. त्या दिवशी भांडायला सुद्धा कुणी मिळालं नाही. ऑपरेशनच्या दारावरच्या लाल दिव्याकडे बघत मी बाकावर बसले होते आणि जीव दोन्हीकडून कुरतडला जात होता. सगळं नीट होऊ दे, असं एक मन हात जोडत होतं. आणि नीट झाल्यावर हिचं काय होईल, या विचारानं दुसरं थरथरत होतं. डोळा वाचवायला आत पाठवलं होतं आणि त्या डोळ्याबरोबर तिला काय परत मिळणार ते फक्त मला ठाऊक होतं. बबडीनं माझा खांदा हलवला, "आत्या, तू एवढी का रडतेयस? छोटं तर ऑपरेशन आहे." मी म्हटलं, डोळ्यात काहीतरी गेलंय.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. मलमानं डोळा चिकटला होता, नर्सनं ओल्या कापसानं पुसला. पापणी सुजून निळी पडलेली, कोपऱ्यात टाके. पण कड बाहेर होती. केस, जे काही उरले होते ते, बाहेर होते. डॉक्टरीणबाईंनी डावा डोळा झाकून समोरच्या भिंतीवरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचायला सांगितलं.

वहिनी वाचायला लागली. पहिली ओळ. दुसरी. तिसरी. खालच्या ओळीवर जरा अडखळली आणि तीही वाचली. बबडीनं तर तिथेच टाळ्या वाजवल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जखमेच्या जागी एक बारीकसा डाग राहील, पण तो नजरेच्या आड येत नाही. महिनाभर जपा, डोळा चोळू नका. वेळेवर आलात.

'वेळेवर' हा शब्द ऐकून मी वहिनीकडे बघितलंच नाही.

बबडी औषधं आणायला पळाली. आम्ही दोघी दवाखान्याच्या पायऱ्यांवर उभ्या राहिलो. रस्त्यावर ऊन होतं. वहिनी हाताचा आडोसा कपाळावर धरून समोर बघत होती. एक बाई छत्री घेऊन चालली होती, एक माणूस दुकानाची काच पुसत होता. ती ते सगळं अगदी सावकाश बघत होती.

"नीट झालं, वन्सं."

"हो गं, झालं."

"म्हणजे तिचंही झालं असतं."

मला प्रत्येक गोष्टीवर उत्तर असतं, घरात त्यावरून टोमणे खाल्लेत मी. तेव्हाही होतं. तू लहान होतीस, तुला काय कळत होतं, मोठ्यांनी न्यायला हवं होतं. हे सगळं खरं होतं. मी नुसता तिचा हात धरला. दोऱ्यानं बोटांना पडलेले घट्टे हाताला लागत होते.

समोरून बबडी औषधांची पिशवी नाचवत, हसत येत होती.

"तिला कधी सांगू नका," वहिनी माझ्याकडे न बघता म्हणाली. "आपली आई नुसती सुरीला घाबरत होती, असंच वाटू दे तिला."

मी हो म्हटलं. बबडीनं आईचा दुसरा हात धरला आणि आम्ही तिघी पायऱ्या उतरलो.